आतल्या खोलीतला खोकला

नाटकांवरून निघालेल्या चांगल्या सिनेमांचा विषय आला की मी डब्याचं झाकण लावते आणि हात धुवायला उठते. मी रक्ताचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. दुपारी सगळे एका टेबलाभोवती जेवायला बसतो, आणि कुणीतरी मोबाइलमध्ये बघत विचारतं, "जुन्या नाटकांवरचे तुमचे आवडते सिनेमे सांगा बरं." मग प्रत्येकाला कंठ फुटतो. एकाला कोर्टातला खटला आवडलेला असतो, एकीला राजवाड्यातली भावाभावांची भांडणं. आणि हटकून कुणीतरी म्हणतंच, "पण सगळ्यांत भारी तो आतल्या खोलीतला म्हातारा. काय मरतो तो. ते शेवटचं भाषण." आमच्या रिसेप्शनवरच्या बाई तर छातीवर हात ठेवून ते भाषण म्हणून दाखवतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हात धुताना नळ जरा जास्तच जोरात सोडला जातो.

ते भाषण नाटकात नव्हतं. मुळात तो म्हाताराच नाटकात दिसत नव्हता. स्टेजवर एका घराची बाहेरची खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, तिथे मुलगी आणि तिचा भाऊ, दोघांची घर विकायचं की नाही यावरून जुंपलेली, आणि एका बाजूला अर्धवट उघडा दरवाजा. त्या दरवाज्याआड यांचा बाप अंथरुणाला खिळलेला. तीन अंकांत तो एकदाही बाहेर येत नाही. येतो तो फक्त त्याचा खोकला. आणि तो खोकला माझ्या मामांचा होता. सिनेमात नाही, नाटकात.

मामा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होते. शर्टाच्या घडीत धातूचा कीस घेऊन घरी यायचे आणि बाही झटकता झटकता दिवसभराची भांडणं सांगायचे. राग त्यांच्या नाकावर नव्हे, नाकाच्याही पुढे दोन बोटं असायचा. वरच्या मजल्यावरच्या माणसाशी कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्यावरून, फोरमनशी पंख्यावरून, बसमध्ये पुढे सरकत नाही म्हणून पुढच्याशी आणि मागून ढकलतो म्हणून मागच्याशी. भांडायला कारण लागतं हे त्यांना मान्यच नव्हतं. माझ्या आईची नोकरी बदलीची, म्हणून शाळेची सगळी वर्षं मी मामांकडे काढली. मी चिडले की आई आजही म्हणते, "शेवटी कुणाकडे वाढलीस ते दिसतंच."

नाटकाचं वेड त्यांना कारखान्यातल्याच एका मित्राने लावलं. संध्याकाळी तालमी करणारी एक मंडळी होती, तिच्यात त्यांना पहिलं काम मिळालं नोकराचं. ट्रे घेऊन यायचं, ठेवायचा, जायचं. पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतले दोघे मोठ्याने गप्पा मारत होते. मामांनी ट्रे ठेवला, स्टेजच्या कडेला आले आणि त्या दोघांची अशी काही हजेरी घेतली की नाटकातल्या मालकाला पुढचं वाक्यच आठवेना. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला. "या माणसाला आत ठेवा," तो म्हणाला, "प्रेक्षक दिसले की हा बिघडतो." म्हणून पुढचं नाटक बसलं तेव्हा मामा आत गेले, ते आतच राहिले. छापलेल्या संहितेत त्यांच्या वाक्यांपुढे कंसात 'आतून' असं लिहिलेलं असायचं. मंडळीतले सगळे त्यांना 'आतून'च म्हणायला लागले. "आतूनना चहा द्या रे." "आतून रागावलेत." मामांना हे नाव आवडायचं, हे विशेष.

काम मात्र त्यांनी लेथवरच्यासारखंच घासून केलं. दरवाज्याच्या मागे स्टूल ठेवून कुणीही खोकू शकलं असतं. मामांनी तिथे खाट मागितली. पडलेल्या माणसाचा आवाज बसून काढता येत नाही, म्हणाले. पडदा उघडायच्या आधी ते चादर पांघरून आडवे व्हायचे ते पडदा पडेपर्यंत. तिथून त्यांना दिसायचं काय, तर रंगवलेल्या भिंतीची मागची बाजू, फळ्या आणि खिळे. नाटक त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना ते सगळं कानांनी ठाऊक होतं. भाऊ कुठे उभा आहे, मुलीने पाठ फिरवलीय की नाही, हे पावलांवरून ओळखून ते खोकायचे. आणि नुसतं खोकायचे नाहीत. पाणी हवं असेल तर एक खोकला. 'बस झालं' म्हणायला दुसरा. नको असलेला पाहुणा टळत नसेल तर लांबलेला, कंटाळलेला तिसरा. पोरं भांडायला लागली की दोन लहान ठसके, अगदी शेजारच्याने भिंत ठोकावी तसे. लोक हसायचे, मग हळूहळू हसायचे थांबायचे. प्रत्येकाला आपापल्या घरातला कुणीतरी आठवत असणार.

मामांनी हे कुठून आणलं? तर घरातून. इथे मला मामांचाही राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

मामीचे वडील शेवटची वर्षं मामांकडेच होते. दोन खोल्यांचं घर, आतली खोली त्यांना दिलेली. आजारपणात त्यांची वाचा गेली होती, खोकलाच काय तो उरला होता, आणि त्या खोकल्यावर ते घर चालवायचे. मामी त्यांच्या खोकल्याला उत्तरं द्यायची, आणि उत्तर चुकलं तर ते पुन्हा खोकायचे. मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन, नंबर जोडून द्यायचे. माणसाचा आवाज एकदा ऐकला की जन्मात विसरायची नाही. तिच्या वडिलांचा एकेक ठसका तिला पाठ होता. मामांना नव्हता, पण मामा ऐकत होते. त्यांनी सगळं उचललं.

एका सकाळी मामीने स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून विचारलं, "बाबा, चहा ठेवू का?" रोज विचारायची. रोज आतून एक छोटा खोकला यायचा, म्हणजे ठेव. त्या दिवशी आला नाही. तिने पुन्हा विचारलं. मग पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली. आत गेली नाही. मामा दाढी करत होते, ते साबण लागलेल्या तोंडाने आत गेले.

हे नाटक बसलं ते यानंतर वर्षाभरात. लेखकाने शेवटी म्हाताऱ्याला आतून लांबलचक भाषण दिलं होतं, मुलांना उपदेश, घराच्या भिंतींना निरोप वगैरे. तालमीत मामा अडून बसले. "माणूस मरताना भाषण करत नाही," ते म्हणाले. "मुलीला विचारू द्या चहा ठेवू का. मी गप्प राहतो." लेखकाचं तोंड आंबट झालं, पण दिग्दर्शकाने ऐकलं. मुलगी विचारते, खोकला येत नाही. पुन्हा विचारते, येत नाही. पातेलं हातात धरून ती खुर्चीत बसते. पडदा. हा शेवट गाजला. लोक घरी जाताना बोलायचे नाहीत, असं मी ऐकलंय.

मामीला हे मामांनी सांगितलं नव्हतं. तिला कळलं एक्स्चेंजमध्ये. शेजारच्या खुर्चीवरची ऑपरेटर नाटक पाहून आली होती आणि डोळे पुसत सांगत होती, "आणि मग ती विचारते गं, बाबा, चहा ठेवू का?" मामीने त्या दिवशी तीन कॉल चुकीच्या घरी जोडले. संध्याकाळी मामा येईपर्यंत ती बाहेरच्या खोलीत बसून होती.

"हे तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"मीच," मामा म्हणाले, आणि वर छाती फुगवून म्हणाले, "बाबा अमर झाले तुझे."

"अमर," मामी म्हणाली. "प्रयोग किती वाजता असतो?"

"सातला. का?"

"म्हणजे रोज नऊ-साडेनऊला माझ्या बापाला मारता."

मामांशी कुणी भांडायला उभं राहिलं तर ते खूश व्हायचे, पण या वाक्यावर ते नुसतीच बाही झटकायला लागले. मामीने एवढंच सांगितलं की ती हे नाटक बघायला येणार नाही, आणि ती आली नाही. नाटक वर्षानुवर्षं चाललं. मंडळी गावोगाव गेली, बातम्यांत झळकली, कारखान्याचा मालक सहकुटुंब येऊन गेला. मामांना यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी ते निघताना दारात उगाच बूट पुसत रेंगाळायचे आणि म्हणायचे, "मधल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी आहे आज." मामी म्हणायची, "राहू दे." तिने एकदा यावं, आणि दरवाज्याआड खोकणाऱ्या त्या माणसाला तिने ओळखावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. ज्यांच्याकडचं आपण चोरतो त्यांनीच आपल्याला शाबासकी द्यावी, असं मामांचं म्हणणं होतं. आणि मागायचं कसं ते या माणसाला ठाऊकच नव्हतं, म्हणून भांडूनच मागायचे.

मग तो सिनेमावाला आला.

दिग्दर्शकच होता तो, पण आमच्या घरात त्याला याहून चांगलं नाव मिळालं नाही. त्याने नाटकाचे हक्क घेतले. बापाच्या कामाला एक नावाजलेला नट, मुलीच्या कामाला एक नटी. आणि त्याने मामांना निरोप पाठवला, शूटिंगला या. मामांनी फोरमनशी शेवटचं मोठं भांडण करून रजा काढली. रोज सकाळी दाढी करून स्टुडिओत जायचे. तिथेही खोली होती, दरवाजा होता. मामांनी दरवाज्याआड खाट मागितली, त्यांनी दिली. ती नटी म्हणे आधी नुसत्या भिंतीकडे बघून बोलायची आणि काही केल्या जमायचं नाही. मामा खोकले, आणि तिचा चेहरा बदलला. रोज दिवे तापायचे, पंखे बंद असायचे, मामा घामाने निथळत आत पडून खोकायचे आणि बाहेर ती नटी रडायची, चिडायची, हसायची. तो नावाजलेला नट यांना एकदाही दिसला नाही. मामांना वाटलं, त्याचं काम गाळलं असेल. नाटकात बाप दिसत नाही तर सिनेमात कशाला दिसेल? त्यांच्या दृष्टीने शंकेला जागाच नव्हती. माईक दिसत होता, तो नटीच्या डोक्यावर लटकत होता. मामांचा आवाज एवढा खणखणीत की तो तिथपर्यंत पोचणारच, हेही त्यांनीच ठरवलं.

इतकी वर्षं नाटकात काढलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, की त्या वेळी सिनेमात शूटिंगचा आवाज ठेवत नसत. सगळे आवाज नंतर, वेगळे भरत. कुणी सांगितलं नाही. सगळ्यांचं काम बिनबोभाट होत होतं, मग कोण तोंड उघडतं?

सिनेमा लागला तेव्हा मामांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं. वरच्या कुंडीवाल्यालासुद्धा. आणि या वेळी मामी म्हणाली, "मी येते." मामा बघतच राहिले. "सिनेमात माणूस एकदाच मरतो," ती म्हणाली. "एकदा सोसेन." तिने कपाटातली चांगली साडी काढली. मी दोघांच्या मध्ये बसले होते.

पहिल्या पाच मिनिटांत कॅमेरा सरळ त्या दरवाज्यातून आत गेला. आत तो नावाजलेला नट, पांढरी दाढी, मागे खिडकीतून येणारं सोनेरी ऊन. तो खोकला. मागून व्हायोलिन वाजलं.

"हा कोण?" मामी म्हणाली. हळू नाही.

"श्श," मागून कुणीतरी.

तो नट पुन्हा खोकला. छान घसा साफ करावा तसं खोकत होता तो, भाषणाला उभं राहण्याआधी करतात तसं. मामीने माझ्याकडे वळून विचारलं, "यांचा कुठाय?" मला काय माहीत? पडद्यावर ती नटी दरवाज्याकडे बघत होती, आणि मी शपथेवर सांगते, ती त्या नटाच्या खोकल्याला उत्तर देत नव्हती. त्याचा खोकला एका जागी आणि तिचे डोळे भलत्याच जागी दचकत होते. आणि शेवटी ते भाषण आलं. लेखकाच्या पोटात ते इतकी वर्षं सलत होतं, त्याने ते जसंच्या तसं काढून दिलं होतं. भिंतींनो, निरोप घेतो. शेजारी नाकं ओढायला लागले. मामी उठून उभी राहिली.

"असं नव्हतं हे," ती म्हणाली.

"बाई, खाली बसा."

"ते काही बोलले नाहीत. एक शब्दही बोलले नाहीत." ती पडद्याकडे बोट करून सांगत होती, थिएटरभर ऐकू जाईल असं. "ती विचारते आणि ते बोलत नाहीत. हा कोण मधेच?"

इतकी वर्षं हा खोकला चोरला म्हणून नवऱ्यावर रुसलेली ही बाई, आता तो तिथे नाही म्हणून परक्या माणसांशी भांडत होती. मामा मान खाली घालून बसले होते. जन्मभर सगळ्यांची हजेरी घेणारा माणूस, त्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला. एकदा तरी कामाच्या जागी भांडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सिनेमावाल्याकडे गेले आणि हात हलवत परत आले. तो सौजन्याने म्हणाला होता, "अहो, शूटिंगचा आवाज आम्ही ठेवतच नाही. तुम्हाला बाईंसाठी बोलावलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतंय ते तुमचंच तर काम आहे." खरंच होतं ते. म्हणून तर थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मामी मात्र गप्प बसली नाही. तिने आपल्या परीने सूड घेतला. सिनेमावाल्याचे बाहेरगावचे सगळे फोन तिच्याच एक्स्चेंजमधून जायचे. कितीतरी आठवडे तो माणूस रिसीव्हर कानाला लावून बसला असेल. "लाइन बिझी आहे, साहेब." "पलीकडून कुणी उचलत नाही, साहेब." "आवाज येत नाही का साहेब? आम्हालाही येत नाही." घरी येऊन ती हे आम्हाला सांगायची आणि मामा भिंतीकडे बघत जेवायचे. नोकरी जायची हे करून. गेली नाही, हे नशीब.

सिनेमा धो धो चालला. आणि नाटक बसलं. बसलं म्हणजे संपलं. तिकीट काढायला कुणी येईना. "बघितलाय आम्ही सिनेमा," लोक म्हणायचे, "नाटकात तर म्हातारा दिसतही नाही म्हणे." मंडळीने शेवटचा प्रयोग जाहीर केला आणि मॅनेजरने, थोडीफार गर्दी व्हावी म्हणून, सिनेमावाल्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. पुष्पगुच्छ वगैरे. मामांनी हे ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा भांडले. मॅनेजरशी भांडले, फुलवाल्याशी भांडले, येताना बसमध्ये भांडले. मला बरं वाटलं.

त्या दिवशी दारात बूट पुसत ते काहीच बोलले नाहीत. बोलली मामी. "मधल्या रांगेतली खुर्ची आहे का रिकामी?"

"सगळीच रांग रिकामी आहे," मामा म्हणाले, आणि चिडून निघून गेले.

आम्ही दोघी जाऊन बसलो. पुढे सिनेमावाला, मांडीवर पुष्पगुच्छ. पडदा उघडला, बाहेरची खोली, अर्धवट उघडा दरवाजा. भाऊ काहीतरी बोलला आणि आतून खोकला आला. पाणी मागायचा.

मामीने माझं मनगट धरलं. "आले," ती म्हणाली.

दोन अंक ती तशीच मनगट धरून बसली होती. पाहुण्याच्या प्रवेशात लांब, कंटाळलेला खोकला आला तेव्हा ती हसली, मोठ्याने, त्या रिकाम्या रांगेत. भावंडांच्या भांडणात ते दोन ठसके आले आणि तिने पटकन मान खाली घातली, जणू तिलाच कुणी दटावलंय. तिसऱ्या अंकात तिची नखं माझ्या मनगटात रुतायला लागली. मला शेवट ठाऊक होता. तिला तर माझ्याहून ठाऊक होता. तिच्या बापाला तिच्यासमोर पुन्हा एकदा मारायचं, आणि तेही शेवटचं, या विचाराने माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. उठून निघून जावं असं वाटत होतं, पण मनगट सुटेना.

स्टेजवरची मुलगी ओट्यापाशी गेली. पातेलं उचललं. "बाबा, चहा ठेवू का?"

शांतता. ती इतकी वर्षं जशी असायची तशी. आणि मग आतून एक छोटा खोकला आला. म्हणजे ठेव.

स्टेजवरची बाई जागच्या जागी थिजली. हजारदा केलेलं काम, पण या खोकल्यानंतरचं वाक्यच तिच्याकडे नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, कारण संहितेत पुन्हा विचारायचं होतं. "बाबा, चहा ठेवू का?" या वेळी खोकला वैतागून आला. एकदा सांगितलं ना. भावाचं काम करणारा नट विंगेकडे बघायला लागला. पडदेवाला दोरी धरून उभा, कारण बाई खुर्चीत बसली की पडदा, आणि बाई बसत नव्हती. प्रेक्षकांतून कुणीतरी खुदकन हसलं. सिनेमावाला मागे वळून बघायला लागला, जणू आम्हीच काही केलं. म्हातारा मरायला तयार नव्हता. त्याला सिनेमात मारून झालं होतं, भाषणासकट, आणि मामांनी ठरवलं होतं की इथे तो मरणार नाही. निदान आज, निदान हिच्यासमोर नाही.

बाई मुरलेली होती. तिने खरंच चहा ठेवल्यासारखं केलं, दोन कप भरले आणि ते घेऊन त्या दरवाज्यातून आत गेली. त्या दरवाज्यातून प्रयोगात कुणी आत जाण्याची ही पहिलीच वेळ. स्टेजवर एकटा भाऊ उरला तेव्हा पडदेवाल्याने शेवटी स्वतःच्या मनाने पडदा ओढला.

आम्ही मागे पोचलो तेव्हा मॅनेजर खाटेपाशी उभा राहून ओरडत होता. "वाटोळं केलंत. पाहुण्यासमोर शेवटच्या प्रयोगाचं वाटोळं. नाटक मारलंत तुम्ही, आतून."

"मी कुणालाही मारलेलं नाही," मामा झोपूनच ओरडले. "तेच तर सांगतोय. निघ इथून."

मॅनेजर पाय आपटत गेला. मामा उठून बसले. चादर अजून पायांवर होती, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, पुढच्या भांडणाची तयारी करून ते मामीकडे बघत होते. मामी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती खाट बघत होती, फळ्या, खिळे, पायथ्याशी ठेवलेला पाण्याचा ग्लास. मग तिने उशी उचलून पाहिली आणि खाली दुसरी आहे का ते बघितलं.

"एकच उशी?"

"एकच. का?"

"बाबांना दोन लागायच्या," मामी म्हणाली. "एका उशीवर त्यांना श्वास पुरायचा नाही. आणि दोन उशांवर मान दुमडायची, म्हणून तो ठसका अर्ध्यात तुटायचा. तुमचा पूर्ण येतो."

मामांचा चेहरा लाल झाला. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतंत?" मामी म्हणाली.